तामसीचा कोबी

बेळगावकडच्या माणसाला कोबीचं कौतुक सांगायला जाणं म्हणजे कोल्हापूरकराला गूळ दाखवण्यासारखं आहे. थंडीच्या दिवसांत कडोली-काकतीच्या बाजूला हिरव्या गड्ड्यांनी भरलेली शेतं आणि पहाटे भाजीच्या पोत्यांनी लादून गोव्याकडे निघालेल्या गाड्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. आपल्या घरात एकीकडे कोबीची भाजी होते, दुसरीकडे एलेकोसिन पल्य होतं, आणि दोन्ही एकाच ताटात सुखानं नांदतात.

तरीही आज मी ज्या कोबीबद्दल लिहितो आहे, तो आपल्याकडचा नाही. तो आहे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी या गावचा. आणि तो तिथं उगवला, याला थोडाफार मी कारणीभूत आहे, म्हणून हा लेख.

तामसीला माझी धाकटी मावशी असते. काकांचं शिक्षण बेळगावात झालं. त्या काळात ते आजोबांच्या घरातल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. पुढं त्याच घरचे जावई झाले आणि १९७४ साली मावशी लग्न होऊन थेट पैनगंगेच्या काठच्या मुलखात गेली. काका जाऊन आता नऊ वर्षं झाली. शेती माझा मावसभाऊ पाहतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून त्याला मी दादा म्हणतो आणि तो मला थट्टेनं 'प्रोफेसर' म्हणतो.

तामसी म्हणजे काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि थंडीत हरभरा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात दादा फोनवर कापसाचं रडगाणं सांगत होता. मी अर्थशास्त्र शिकवतो. सल्ला देण्याची खोड आम्हा मास्तर लोकांना असतेच. मी म्हटलं, "दादा, एकाच पिकावर किती वर्षं काढणार? थोडा भाजीपाला लाव. आमच्याकडे बघ, कोबीवर लोकांनी घरं बांधली." दादानं ते मनावर घेतलं. अर्ध्या एकरात कोबी लावला. जानेवारीत फोन आला, पण दादाचा नव्हे, वहिनींचा. "भावजी, एकदा येऊन जाता का? हे फार बोलत नाहीत आजकाल."

मी चार दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

बेळगावहून सोलापूर, तिथून नांदेड आणि नांदेडहून आगगाडी. मुदखेडला गाडी आदिलाबादच्या फाट्याला वळते आणि मग भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट अशी स्टेशनं येतात. किनवटच्या पुढं जंगल दाट होत जातं आणि कधी महाराष्ट्र संपून तेलंगण सुरू झाला ते कळत नाही. डब्यातल्या गप्पाही तशाच. एक आजी नातवाला मराठीत दटावत होत्या आणि तो त्यांना तेलुगूत उत्तर देत होता. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे नातू कन्नडात उत्तर देतो, एवढाच फरक.

आपल्या आणि त्यांच्या इतिहासातही एक तारीख सारखी आहे, १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे आणि तेलंगण आंध्रकडे. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग मराठी म्हणून मुंबई राज्याला जोडले गेले. तामसी मात्र राहिली. पुढं २०१४ साली तेलंगण वेगळं झालं आणि २०१६ साली जिल्ह्यांची व मंडलांची फेररचना झाली. तामसी मंडलातून भीमपूर हे नवं मंडल निघालं. पण उत्तरेला पैनगंगा तीच, पलीकडे यवतमाळ जिल्हा तोच आणि घराघरांतली मराठीही तीच. तिला तेलुगूची फोडणी आहे आणि रानाकडे गेलात तर गोंडीचाही वास.

आदिलाबाद शहरापासून तामसी अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यावर आहे. मंडलातल्या वड्डाडी गावाजवळ मत्तडी वागूवर धरण आहे. वागू म्हणजे आपला ओढा, कन्नडातला हळ्ळ. मी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि अंगात हुडहुडी भरली होती. तेलंगण म्हटलं की आपल्याला उन्हाची धग आठवते, पण आदिलाबाद हा त्या राज्यातला सर्वांत थंड भागांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली सहज उतरतो. कोबीला नेमकी हीच थंडी हवी असते. म्हणजे माझा सल्ला हवामानाच्या बाजूनं चुकीचा नव्हता. चूक दुसरीकडे होती.

सकाळी दादानं शेतावर नेलं. मी पाहतच राहिलो. दोन रोपांत आणि दोन ओळींत दीड-दीड फूट अंतर ठेवलं तर अर्ध्या एकरात दहा हजार रोपं बसतात. त्यातली नऊ हजारांच्या आसपास जगली होती आणि प्रत्येकाचा गड्डा किलोभराचा. कडेनं मोहरीची ओळ होती. कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो, त्याच्या अळ्या पानांची चाळणी करतात. तो पतंग मोहरीकडे आधी ओढला जातो म्हणून ही युक्ती. पीक असं दृष्ट लागण्याजोगं.

"व्यापारी किलोला दोन रुपये म्हणतो," दादा म्हणाला. "कापायची मजुरी, पोतं, टेम्पो, हमाली, अडत. दीड रुपया त्यातच जातो. चाळीस हजार घातलेत मी. रोटाव्हेटरवाल्याला सांगून ठेवलंय. मंगळवारी फिरवून टाकतो."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी दरवर्षी एक आकृती फळ्यावर काढतो. तिला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त म्हणतात. हे नाव निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञानं १९३४ साली दिलं. अर्थ साधा आहे. यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळेच तेच पीक लावतात. माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग सगळे लावायचं सोडतात आणि पुन्हा भाव चढतो. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषांभोवती हे हेलकावे जोडत गेलं की कोळ्याचं जाळं तयार होतं. ती आकृती मी वीस वर्षं काढतो आहे. आदल्या वर्षी कोबीला भाव होता, हे पाहूनच मी दादाला सल्ला दिला होता. तेच पाहून आणखी किती जणांनी लावला असेल, हा विचार वर्गात सुचतो, फोनवर सुचला नाही.

आणखी एक अडचण होती. कोबीचा गड्डा तयार झाल्यावर कापसासारखा वाट पाहत बसत नाही. मुळं पाणी ओढतच राहतात, आतली पानं वाढतच राहतात आणि गड्डा वरून तडकतो. तडकलेला गड्डा कुणी घेत नाही. दादाच्या शेतात तशा भेगा दिसू लागल्या होत्या.

एवढ्यात मावशी आली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण नऊवारीचा ओचा खोचून थेट ओळीत शिरली. वाकली, एक गड्डा दोन्ही हातांनी धरला आणि त्याला रोपासकट अर्धा पीळ दिला. आतून मुळं तुटल्याचा कट्कन आवाज झाला. मग पुढचा गड्डा. तोंडानं मोजत होती, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

पन्नास वर्षं तामसीत काढलेली, घरात मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारी माझी मावशी अजून कन्नडात मोजते. आजोबांच्या गावच्या कन्नड शाळेत ती मोजायला शिकली. भाषा कितीही बदलल्या तरी माणूस आकडे पहिल्या शाळेतलेच मोजतो, असं म्हणतात ते खोटं नाही.

"काय करतेस आई?" दादा म्हणाला.

"तुझे आजोबा करायचे ते. निम्मी मुळं तुटली की गड्डा फुटायचा थांबतो. आठ-दहा दिवस मिळतात. पाणी आजपासून बंद कर. आणि त्या रोटाव्हेटरवाल्याला म्हणावं, मंगळवारी चहाला ये, मशीन घरी ठेवून ये."

आम्ही तिघं आणि नंतर आलेल्या वहिनी, दुपारपर्यंत ओळीतून पीळ देत फिरलो. माझी कंबर दोन दिवस दुखत होती.

दादानं तीन तऱ्हेचा कोबी लावला होता. बहुतेक सगळा गोल, घट्ट गड्ड्याचा संकरित कोबी, आपल्याकडे बाजारात मिळतो तोच. या वळणाची जुनी प्रसिद्ध जात म्हणजे गोल्डन एकर; लावणीनंतर साठ-सत्तर दिवसांत तयार होते आणि गड्डा किलो-दीड किलोचा भरतो. दोन सऱ्या मावशीच्या हट्टानं चपट्या, परातीएवढ्या ड्रमहेडच्या होत्या. हा उशिरा येतो, पण एकेक गड्डा तीन-चार किलोंचा होतो आणि पानं मोठी व रुंद असतात. आणि एक सरी जांभळ्या कोबीची. कुठल्याशा हॉटेलवाल्यानं तो घेईन म्हणून सांगितलं होतं. तो नंतर फोनच उचलेना.

या तिन्ही प्रकारांचं मूळ एकच. युरोपच्या समुद्रकाठी वाढणारी एक रानभाजी. माणसानं तिची पानं वाढवली तेव्हा कोबी झाला, फुलं वाढवली तेव्हा फ्लॉवर आणि ब्रोकोली, खोड फुगवलं तेव्हा नवलकोल. कानडीला हे नातं बरोबर कळलं आहे. एलेकोसु म्हणजे पानांचा, हूकोसु म्हणजे फुलांचा आणि नवलकोल तो नविलुकोसु. नविलु म्हणजे मोर. मराठीतला 'कोबी' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कोव्ह'वरून आला. भाजीही त्यांच्याबरोबरच आपल्या किनाऱ्याला लागली. सुरकुतलेल्या पानांचा सेव्हॉय कोबी अजून आपल्याकडे फारसा येत नाही. पानं मऊ असल्यानं तो लवकर शिजतो. लांबट चायनीज कोबी मात्र या घराण्यातला नाही, तो सलगमचा भाऊ. कोरियातले लोक किमची घालतात ती त्याचीच.

रात्री शेकोटीजवळ बसलो असता मी दादाला विचारलं, "बी घरचं धरता येत नाही का?" तो म्हणाला, "नाही. इथं गड्डा धरतो, पण बी धरत नाही." खरं आहे. कोबीला फुलावर यायला दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते. म्हणून आपल्या देशात गोल्डन एकरसारख्या जातींचं बी हिमाचलमध्ये कुलूच्या खोऱ्यात तयार होतं. तिथं कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्रही आहे. आपल्याकडे काय किंवा तामसीत काय, कोबी दरवर्षी डोंगरातून नव्यानं यावा लागतो.

मावशी ऐकत होती. म्हणाली, "सासरी नांदतो, पण बी माहेरचंच." आणि शेकोटीत काटकी सरकवली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक गंमत झाली. वहिनी निर्मलकडच्या, माहेरची भाषा तेलुगू. मी त्यांना सांगून बसलो, "वहिनी, आज कोबीची पचडी करा." माझ्या डोळ्यांपुढं आपली पचडी होती. बारीक चिरलेला कच्चा कोबी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. ताटात आलं ते वेगळंच. लालसर, जाडसर वाटलेली झणझणीत चटणी. तेलुगूत पच्चडी म्हणजे चटणी! मावशी हसून म्हणाली, "पहिल्या वर्षी मी सासूबाईंना विचारलं, पचडी करू का? त्या हो म्हणाल्या. मी कच्चा कोबी वाढला. त्या म्हणाल्या, ही गुरांची वैरण कुठून आणलीस?"

पण ती पच्चडी, वाचकहो, करून पाहण्यासारखी आहे. दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी तेलावर परतायचा, पाणी सुटून आटेपर्यंत आणि कच्चा वास जाईपर्यंत. बाजूला चमचाभर हरभरा डाळ, चमचाभर उडीद डाळ, मूठभर शेंगदाणे आणि पाच-सहा सुक्या मिरच्या खमंग तळून घ्यायच्या. आधी ते सगळं कुटायचं. मग चार पाकळ्या लसूण, जिरं, सुपारीएवढी भिजवलेली चिंच आणि मीठ घालायचं, आणि शेवटी कोबी. बारीक गंध करायचा नाही, भरड ठेवायचं. वहिनी रोलूत कुटतात; आपल्याकडे तो ओरळु किंवा उखळ. मिक्सर वापरलात तर थांबत थांबत फिरवा. वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर, म्हणजे त्यांच्या जोन्नरोट्टेबरोबर आणि आपल्या जोळद रोट्टीबरोबर, याला तोड नाही.

चार दिवसांत आम्ही जितके प्रकार खाल्ले, तितके मी वर्षात खात नाही. त्यातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

गोल, घट्ट गड्डा कच्चा खायला आणि झटपट भाजीला उत्तम. आपल्या पचडीला मीठ अगदी वाढताना घालावं, नाहीतर पाणी सुटतं. भाजीसाठी मूठभर हरभरा डाळ दोन तास भिजवावी, फोडणीत आधी ती परतावी, मग कोबी घालून मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं. कोबीत गंधकयुक्त द्रव्यं असतात. जितका वेळ शिजवावं तितका त्यांचा उग्र वास वाढतो. मुलं कोबीला नाकं मुरडतात ती बहुधा या वासामुळं. दोष कोबीचा नसून झाकणाचा आणि घड्याळाचा असतो.

चपटा ड्रमहेड पानांसाठी. मावशी त्याची अख्खी पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढते, मधली जाड शीर तासते आणि वर अळूवडीसारखं पीठ लावते. बेसनात थोडं ज्वारीचं पीठ, चिंच-गुळाचं पाणी, तिखट आणि तीळ. घट्ट गुंडाळी करून पंधरा-वीस मिनिटं वाफवायची, गार झाल्यावर काप करून तेलावर परतायचे. अळू नसलेल्या महिन्यांत ही अळूवडीची बहीण. हाच कोबी किसून ज्वारीच्या पिठात, तिखट-ओवा-तीळ घालून मळला की मराठवाड्याकडचे धपाटे होतात.

बाहेरची गडद हिरवी पानं आपण टाकून देतो. ती बारीक चिरून, लसणाच्या फोडणीवर परतून, बेसन भुरभुरवून झुणका करावा. मधला दांडाही टाकायचा नाही. सोलून त्याच्या काड्या कराव्यात, मीठ-लिंबू-मिरची लावून ताटात ठेवाव्यात. नवलकोलाची चव येते, एकाच घरचे ना!

जांभळ्या कोबीनं मात्र वहिनींना रडवलं. त्यांनी त्याची भाजी टाकली आणि ती निळी झाली. अगदी शाईसारखी. घरात कुणी हात लावेना. मी कधीतरी वाचलेलं आठवून त्यावर लिंबू पिळलं, तर क्षणात गुलाबी! पोरं टाळ्या पिटायला लागली. या कोबीचा रंग आंबटात लाल आणि क्षारात निळा होतो. विहिरीचं पाणी जड, म्हणून हा प्रकार. तेव्हा जांभळा कोबी कच्चाच खावा, आणि शिजवायचाच झाला तर सुरुवातीलाच लिंबू किंवा चिंच घालावी.

आणि कोबी कच्चा खाण्यात फायदाही आहे. शंभर ग्रॅममध्ये ब्याण्णव-त्र्याण्णव ग्रॅम पाणीच, पण छत्तीस मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्वही. कॅप्टन कुकनं १७६८ साली निघालेल्या आपल्या पहिल्या सफरीत खलाशांना हिरड्यांचा रोग होऊ नये म्हणून आंबवलेल्या कोबीची पिंपं जहाजावर नेली होती.

हे सगळं खरं, पण जहाजभर कोबी तामसीत कोण खाणार?

इथंही वाट मावशीनंच काढली, ती स्वयंपाकघरातून. शाळेतल्या पोरांनी निळ्या-गुलाबी भाजीची गोष्ट गावभर केली होती आणि दुसऱ्या दिवशी चार बाया जांभळा कोबी मागायला आल्या. मावशी म्हणाली, "व्यापाऱ्याला दोन रुपयांनी द्यायचा, तर माणसांना पाच रुपयांना गड्डा का नाही?" आठवडी बाजारात दादा आजवर भाजी घ्यायला गेला होता, विकायला कधी बसला नव्हता. कापूस विकणाऱ्या माणसाला पोत्यावर बसून गड्डे विकायची लाज वाटते. ती लाज मी पाहिली. पहिला तासभर तो गाडीमागं उभा होता. वहिनी तेलुगूत ओरडत होत्या, मावशी मराठीत आणि मी पैसे मोजत होतो. मग एक गिऱ्हाईक दादाशीच बोलायला लागलं, आणि तो पुढं आला.

मी परतल्यावरही ते बारा दिवस गावोगावच्या बाजारांत बसले. तीन हजार गड्डे पाच-पाच रुपयांनी गेले. दोन वसतिगृहांनी स्वयंपाकासाठी दीड हजार किलो सहा रुपयांनी उचलला. थोडा शेवटी व्यापाऱ्यालाच गेला, बाकीचा पै-पाहुण्यांत वाटला आणि बेताबेतानं गुरांना घातला. सगळं मिळून तीस हजार हाती आले. म्हणजे दहा हजारांचा तोटा आणि घरच्यांची मेहनत फुकट. याला यश म्हणता येणार नाही. पण मंगळवारी रोटाव्हेटर फिरला असता तर चाळीसच्या चाळीस गेले असते.

निघताना मी दादाला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "तोटा होईल त्यातले निम्मे मी देतो. सल्ला माझा होता." तो बराच वेळ पैनगंगेच्या दिशेला पाहत राहिला. म्हणाला, "प्रोफेसर, पीक चांगलं आलं असतं तर निम्मा नफा मागायला आला असतास का? नाही ना? मग राहू दे." थोड्या वेळानं म्हणाला, "पुढच्या वर्षीही लावणार आहे. पण पाव एकर, आणि एकदम नाही. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. सगळा माल एका दिवशी कापायला आला तर भाव व्यापारी ठरवतो. थोडा थोडा आला तर आपण बाजारात बसू शकतो." वीस वर्षं फळ्यावर काढलेल्या आकृतीतून बाहेर पडायची वाट मला पहिल्यांदाच कुणीतरी दाखवत होतं.

परतीच्या गाडीत माझ्या पिशवीत चार किलोंचा एक ड्रमहेड होता. मावशीनं आईसाठी दिला होता. बेळगावला कोबी घेऊन जायचा! माझी मलाच शरम वाटत होती. पण आईनं तो मांडीवर घेतला, बाहेरचं पान मोडून वास घेतला आणि मावशीला फोन लावला. दोघी बहिणी अर्धा तास आजोबांच्या मळ्याबद्दल बोलत होत्या, अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत. आईनं वड्या केल्या, पण पीठ बेसनाचंच घेतलं. ज्वारीचं पीठ घालायचं ही धाकटीची तामसीला गेल्यावरची सवय, असं तिचं मत.

फेब्रुवारीच्या शेवटी वहिनींनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. शेवटच्या चार सऱ्यांतले गड्डे कापताना मावशीनं बुंधे उपटू दिले नव्हते. खालची पानं ठेवून, कापलेल्या बुंध्यावर विळ्यानं फुलीसारखी चीर देऊन ठेवली होती. त्या प्रत्येक बुंध्यावर आता चार-चार, पाच-पाच छोटे गड्डे धरले होते, लिंबाहून थोडे मोठे. वहिनी ते अख्खेच फोडणीत टाकतात, वर शेंगदाण्याचं कूट. खाली त्यांनी मराठीत लिहिलं होतं, "भावजी, हे फुकटचे. यांचा हिशेब तुमच्या फळ्यावर कुठं लिहिणार?"

यंदा कोळ्याचं जाळं शिकवायची वेळ येईल तेव्हा मी आकृती काढीन, पण त्याआधी वर्गाला तामसीची गोष्ट सांगणार आहे. आमच्या वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी सांगेलच, "सर, आमच्या घरीही बुंधे उपटत नाहीत."